कोथिंबीर रोज खा, पण गोळी बंद करू नका

केंदूर (ता. शिरूर) : विहिरीला पाणी असलं की आपल्याकडे एखाद्या वाफ्यात धना टाकलेला असतोच. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जुडी हाती येते. भाव मिळाला तर चार पैसे, नाहीतर जनावरांपुढे. अशी ही घरची कोथिंबीर सध्या मोबाईलवर मोठी डॉक्टर झाली आहे. सकाळी उपाशीपोटी ग्लासभर रस प्या; शुगर जाईल, थायरॉइड बरा होईल, किडनी साफ होईल, असे मेसेज फिरतात. ते वाचून गोळ्या सोडणारेही भेटतात. म्हणून खरं काय ते पाहू.

फायदा काय?
१०० ग्रॅम हिरव्या कोथिंबिरीत सुमारे ९२ ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्यात डोळ्यांसाठी लागणारं अ जीवनसत्त्व तयार करणारा घटक, सुमारे २७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सुमारे ३१० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व मिळतं. क मुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. के रक्त गोठण्यासाठी लागतं.

कशी खावी?
जास्त उकळल्याने क जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून आमटी उतरवल्यावर वरून घाला. अ साठी थोडं तेल लागतं. शेंगदाणे घालून केलेली चटणी चांगली. कोवळी देठं टाकू नका. पाणी बदलून दोन-तीनदा धुवा. फवारणी केली असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय काढू नका. घरी खायला असो की बाजारात न्यायला.

कोणी जपावं?
हृदयाची झडप बदललेल्यांना किंवा इतर कारणाने रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन, ॲसिट्रोमसारखी गोळी असते. के जीवनसत्त्व अचानक वाढलं तर तिचा असर कमी होतो, गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यांनी भाजीतली नेहमीची कोथिंबीर खावी, पण रस सुरू करू नये. किडनीच्या पेशंटनेही रस टाळावा, कारण त्यात पोटॅशियम बरंच येतं.

शुगर, थायरॉइड किंवा किडनीचा आजार कोथिंबिरीने बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. मेसेज पाठवणारा तब्येत बिघडल्यावर दवाखान्यात न्यायला येत नाही. गोळी कमी-जास्त करायची असेल तर डॉक्टरांनाच विचारा. कोथिंबीर ताटात राहू द्या, गोळी तिच्या वेळेला.