स्वरांची वही आणि सिक्वेन्सर

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी मनुष्याच्या घरी पाहुण्यांची वाण कधीच नसते आणि त्यांतील बहुतेकांचे काम गंगास्नानाचे असते. परवा आमच्याकडे आलेल्या तरुण स्नेह्यांचे काम मात्र निराळे होते. ते नागपुराहून नुकतेच येथे बदलून आले आहेत. बदलीच्या सामानात दोन सप्तकांचा एक लहानसा कीबोर्ड त्यांनी कपड्यांच्या घड्यांत जपून आणला होता. चहा संपण्याची वाटही न पाहता त्यांनी विचारले, "काका, तुम्ही इतकी वर्षं हे वापरता. मी अगदी नवा आहे. संगणकावर बंदिश बसवायची तर सिक्वेन्सर कोणता घेऊ?"

एका नावाने उत्तर देऊन मोकळे होणे सोपे होते. पण आमच्या घरात या प्रश्नाचा एक जुना घाव आहे, आणि या शहरात त्याला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. म्हणून त्यांना जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे मांडीत आहोत.

सिक्वेन्सर म्हणजे स्वर आधी कोष्टकात मांडावयाचे आणि मग यंत्राकडून ते वाजवून घ्यावयाचे, असे साधन. पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर स्वर चढत जातात, आणि प्रत्येक स्वराची एक आडवी पट्टी दिसते. या चौकटीला 'पियानो रोल' म्हणतात. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी घालीत, तिचे हे नाव. म्हणजे वस्तू नवी असली तरी कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे. आमच्या मते ती त्याहूनही जुनी. गळ्यातून निघालेला स्वर कागदावर कसा उतरवावा, हा स्वरलिपीचा प्रश्नच येथे यंत्राच्या वेषात आला आहे. आणि स्वरलिपीची निवड म्हटली की दोन मराठी माणसांची नावे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दुसरी १९१८ साली दिल्लीस झाली आणि तिसरी १९१९ साली येथे बनारसला. या परिषदांमागचे चालते डोके होते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेल्या या गृहस्थांनी वकिली बाजूस सारून देशभर प्रवास केला आणि उस्तादांच्या घरोघरी जाऊन बंदिशी लिहून घेतल्या. सगळ्या देशाने एकच स्वरलिपी वापरावी, हा या परिषदांतून पुन:पुन्हा निघालेला विषय. तो निकालात निघाला नाही, याचे कारण दुसरी एक स्वरलिपी आधीपासूनच वर्गावर्गांतून शिकवली जात होती. ती पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेल्या पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईस त्याची शाखा उघडली.

दोघांची गरज वेगळी, म्हणून दोघांची लिपीही वेगळी. पलुस्करांच्या मूळ पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याची लांबी लिहिलेली असते : आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी. स्वर आपले माप स्वत:बरोबर घेऊन हिंडतो. भातखंड्यांनी उलट केले. त्यांनी तालाचे घर आधी आखले, समेला गुणाकाराची खूण दिली, खालीला शून्य, आणि त्या घरांत स्वर बसवले. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर खाली अर्धचंद्र काढला की झाले. छापखान्याला सोयीची आणि चटकन वाचता येणारी ही लिपी त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांतून उत्तरेत घरोघरी पोचली. मूळ मराठीत लिहिलेली ही पुस्तके आज काशीतले विद्यार्थी हाथरसच्या हिंदी आवृत्तीतून वाचतात, आणि ती मराठीतली आहेत हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. इकडे बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९५० साली संगीत महाविद्यालय निघाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य झाले ते पलुस्करांचे शिष्य पंडित ओंकारनाथ ठाकूर. म्हणजे दोन्ही विष्णूंचे प्रवाह या एका गावात येऊन मिळाले. संगम मात्र झाला नाही.

झाला नाही याचा त्रास कोणाला, तर नवशिक्याला. कारण दोन्ही लिप्यांत चिन्हे बहुतेक तीच आहेत आणि अर्थ वेगळे. स्वरावरचा बिंदू भातखंड्यांच्या लिपीत तार सप्तक दाखवतो, पलुस्करांच्या लिपीत मंद्र. स्वराखालची आडवी रेघ एकीकडे कोमल स्वराची खूण, दुसरीकडे एका मात्रेची. शून्य येथे खाली, तेथे अर्धी मात्रा. याहून मोठा सापळा ठरवून रचावयाचा म्हटला असता तरी रचता आला नसता.

त्या सापळ्यात आम्ही सापडलो ते असे. आमचे वडील सरकारी नोकरीत होते आणि दर तीन-चार वर्षांनी त्यांची बदली होई. वाचकांना ते दिवस समजावून सांगावयास नकोत. पहिली नेमणूक कोल्हापुरास, तेथे त्यांना पलुस्कर परंपरेतले गुरुजी मिळाले. पुढे ग्वाल्हेरला गेले, तेथे भातखंडे पद्धतीने शिकले. बंदिशी लिहून ठेवण्याची वही मात्र एकच, आणि कोणते पान कोणत्या लिपीत आहे हे त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांच्या गळ्याला ते ठाऊक होते. त्यांचा आवाज आमच्यापाशी ध्वनिमुद्रित नाही. वही तेवढी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सिक्वेन्सर शिकू लागलो तेव्हा पहिले काम ठरवले ते या वहीतल्या चिजा संगणकावर वाजवून घेण्याचे. एक पान उघडले. त्यावर रागाचे नाव नव्हते. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर, जवळजवळ प्रत्येकाखाली रेघ. आम्हांस भातखंडे लिपी तेवढी ठाऊक. रे, ग आणि ध कोमल धरले. सा आणि प यांच्याखालीही रेघ होती, आणि हे दोन स्वर कोमल होऊच शकत नाहीत. तेथे तरी आम्ही सावध व्हावयास हवे होते. घाईने लिहिताना हात घसरला असेल असे म्हणून त्या रेघा सोडून दिल्या. यंत्राने वाजवले. पहाटेचा, उदास, देखणा भूपाल तोडी. पहिल्याच ओळीत धैवत तार सप्तकात उडी मारीत होता, ते थोडे खटकले. पण डोळे भरून आले आणि खटकलेले विसरलो.

पुढे दुर्गाघाटावरच्या घरी आमच्या आत्याबाईंना ते ऐकवले. वय नव्वदीच्या घरात, कान शाबूत. दोन आवर्तने त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, "हे दादाचं नव्हे रे. दादा पहाटे कधी गात नसे. दिवे लागले की म्हणायचा."

राग भूप होता. रेघा मात्रांच्या होत्या, बिंदू मंद्राचा होता. चूक दुरुस्त करावयास पडद्यावर अर्धे मिनिट लागले : स्वर निवडले, एकेक घर वर नेले, धैवत खाली आणला. पण तोपर्यंत आम्ही ते चुकीचे वडील चार गावांच्या नातेवाइकांना पाठवून बसलो होतो. एका पुतण्याच्या लग्नात ते वाजलेही. यंत्राने कधी हरकत घेतली नाही, कारण त्याच्या दृष्टीने भूप आणि भूपाल तोडी दोन्ही सारखेच बरोबर.

येथे आणखी एका जोडीची आठवण काढावीशी वाटते. आपल्यासारख्या हुद्देदारांना तर ती जवळची वाटावी. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या जागेवरून निवृत्त झालेले गृहस्थ. तारेवर मोजमाप करून, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन, त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० साली ते प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातले न्यायाधीश ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. बडोद्याच्या परिषदेत या विषयावर खडाजंगी झाली. भातखंड्यांना ही श्रुतींची नेमकी जागा ठरवणे पटले नाही. शिकण्या-शिकवण्याला बारा स्वर पुरेत असे त्यांचे धोरण. ती पेटी रूढ झाली नाही. साधी बारा पट्ट्यांची पेटी मात्र घराघरांत गेली. आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले, तरी तीस वर्षांनी ते पुन्हा किलकिले करावे लागले. देवलांची मेहनत वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. फावल्या वेळात, पेन्शनीत, एवढे सूक्ष्म काम करणारा मनुष्य आमच्या खात्यांतून पुन्हा निघाला तर आम्हांस हवाच आहे. पण नवशिक्याने त्यांच्या वाटेने सुरुवात करू नये.

आजच्या सिक्वेन्सरमागची भाषा १९८३ साली ठरली. तिचे नाव मिडी. जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. बडोदे, दिल्ली आणि बनारस येथे आपल्या पंडितांना जे साधले नाही ते या व्यापाऱ्यांना साधले, हे कबूल केले पाहिजे. मात्र त्यांनी स्वराला शून्य ते १२७ असा क्रमांक दिला आणि दोन क्रमांकांच्या मधली जागा 'पिच बेंड' नावाच्या वेगळ्या आज्ञेकडे सोपवली. तिच्यात १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे मींडेला सूक्ष्मतेची कमतरता नाही. अडचण अशी की ही आज्ञा त्या वाहिनीवरचे सगळे स्वर एकदम ओढते. एकाच स्वराला स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय पुढे आली. २०२० च्या मिडी २.० मध्ये ती मुळातच धरलेली आहे. दरबारीचा गंधार भातखंड्यांच्या पुस्तकात रेघ दिलेला एक 'ग' असतो आणि पडद्यावर एक सरळ पट्टी. त्याचे आंदोलन दोन्हीकडे शिकणाऱ्यालाच घालावे लागते.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचे क्यूबेस १९८९ पासून आहे. बर्लिनचे एबलटन लाइव्ह २००१ चे. बेल्जियमचे एफएल स्टुडिओ तुकडे जोडून ठेका उभारणाऱ्यांना आवडते. अ‍ॅपलचा संगणक असेल तर २००४ साली निघालेले गॅरेजबँड फुकट मिळते. रीपर साठ दिवस वापरून पाहता येते आणि मग त्याची किंमतही नोकरदाराच्या खिशाला झेपते. एलएमएमएस तर मोफतच. यांतले कोणतेही वाईट नाही. नवा माणूस नावांच्या तुलनेत दोन महिने घालवतो आणि एकही आवर्तन बसवीत नाही, हे आम्ही पाहिले आहे. खोटे कशाला, केलेही आहे.

आम्ही पाहावयास सांगितले ते एवढेच. ठोक्याची गती किती खाली जाते? विलंबित एकतालाची मात्रा चार-पाच सेकंदांची असते, म्हणजे मिनिटाला बारा ते पंधरा. काही सॉफ्टवेअरे वीसच्या खाली येतच नाहीत. तसे असेल तर एका मात्रेचे चार ठोके धरावेत. सात मात्रांचा रूपक आणि दहांचा झपताल यांचे घर आखता येते ना? स्वर चौकटीला आपोआप चिकटतो ती सोय एका कळीने बंद होते ना? बनारसी ठुमरीतला एकही बोल नेमका रेघेवर पडत नाही. ती सोय चालू राहिली तर ठुमरीची कवायत होते. पिच बेंडची रेघ हाताने काढता येते ना? आणि सर्वांत महत्त्वाचे, केलेले काम मिडी फाइल म्हणून आणि ध्वनी म्हणून बाहेर काढता येते ना? प्रत्येक सॉफ्टवेअर आपली फाइल आपल्याच लिपीत ठेवते आणि दुसऱ्याला ती वाचता येत नाही. मिडी फाइलमधून स्वर वाचतात, वाद्यांचे आवाज जातात. म्हणून दोन्ही प्रती हव्यात. बदली माणसाची होते तशी संगणकाचीही होते.

हे सगळे ऐकून स्नेही म्हणाले, "म्हणजे कोणतं घेऊ?"

आम्ही विचारले, "शेजारी-पाजारी, कचेरीत कोणाकडे काही आहे?"

त्यांच्या कचेरीतला एक बनारसी सहकारी तबला वाजवतो आणि रीपर वापरतो. मग तेच घ्या म्हटले. अडल्यावर विचारावयास शेजारी माणूस असणे ही सोय कोणत्याही सॉफ्टवेअरच्या यादीत नसते. पलुस्करांच्या वर्गात बसलेल्याने पलुस्करांची लिपी घेतली, भातखंड्यांच्या शाळेत गेलेल्याने भातखंड्यांची. आमच्या वडिलांनीही तेच केले आणि त्यांचे काहीच चुकले नव्हते.

स्नेही गेल्यावर आम्ही वही काढली. आत्याबाई अजून आहेत. दर रविवारी दुर्गाघाटावर जाऊन एकेक पान त्यांच्यापुढे वाजवतो. ओळख पटली तर पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पलुस्कर' किंवा 'भातखंडे' लिहितो. एकेचाळीस पानांपैकी सतरा झाली आहेत. दोन पाने त्यांनाही ओळखू आली नाहीत. ती आम्ही दोन्ही लिप्यांत वाजवून, दोन्ही प्रती ठेवल्या आहेत.