पाव इंचाचे चिलखत

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो आणि दरवाजातून त्याचे डोकेही आत शिरत नाही. पण त्याचे वाईट कोणालाच वाटत नाही. तेथे महत्त्व भावाला, मापाला नव्हे. युद्धातल्या गाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचा पंथ मात्र याच्या अगदी उलट. त्यांचा जीव सगळा मापात! अशा पुष्कळ प्रतिकृती मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या असतात. या आकड्यामागे शास्त्र काही नाही. १९६० च्या सुमारास जपानच्या तामिया कंपनीने मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढा एक रणगाडा केला. मागाहून मोजला, तो हिस्सा निघाला पस्तिसावा. तोच पुढे रूढ झाला.

या प्रतिकृतींत एक गाडी हमखास भेटते. पुढे मोटारीसारखी चाके, मागे रणगाड्यासारखे पट्टे, नाव हाफ-ट्रॅक. हिचा जनक ॲडॉल्फ केग्रेस हा फ्रेंच यंत्रज्ञ रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळत असे. बर्फात चाके रुतू लागली, तेव्हा त्याने मागे लवचीक पट्टे बसवले. १९१७ साली राज्यक्रांती झाली. झार गेला, केग्रेस मायदेशी परतला. पट्टे मात्र पुढे लेनिनच्या रोल्स-रॉइसला लागले! फ्रान्समध्ये सित्रोएनने ही युक्ती उचलली आणि १९२२-२३ च्या हिवाळ्यात अशा गाड्यांनी सहारा ओलांडला. १९३१ साली अमेरिकन लष्करानेही त्या विकत घेतल्या. त्याच वंशातली महायुद्धातील एम-३.

ही गाडी सहा मीटरांहून थोडी लांब. प्रतिकृतीत साडेसतरा सेंटिमीटर. नवशिका तिच्या पट्ट्यांना हौसेने गंज रंगवतो आणि फसतो, कारण ते पट्टे रबराचे होते. पण खरी परीक्षा पत्र्याची. एम-३ चे बाजूचे चिलखत अवघे पाव इंच जाड. पस्तिसाव्या हिश्श्याने ते मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी भरते, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जाड नव्हे. साच्यातून निघालेली प्लॅस्टिकची भिंत मात्र सुमारे एक मिलिमीटर. तशीच ठेवली, तर गाडीला पस्तीस मिलिमीटरचे चिलखत चढल्यासारखे होते! म्हणून जाणता कारागीर आतल्या अंगाने कड कानशीने झिजवतो, किंवा तेथे पितळेचा पातळ पत्रा बसवतो. समोरच्या काचेवरची झडप तेवढी अर्धा इंच जाड. ती बाजूंच्या दुप्पट दिसली पाहिजे.

एवढी उठाठेव कशासाठी, असे घरच्या माणसांना वाटणारच. पण त्या पाव इंचाआड तेरा माणसे बसत. वर छत नसे. जवळून आलेली मशीनगनची गोळी पत्रा भेदी, आणि माथ्यावर फुटलेल्या तोफगोळ्याच्या ठिकऱ्या सरळ आत येत. पर्पल हार्ट हे अमेरिकेत लढाईतील जखमीला मिळणारे पदक. त्यावरून सैनिकांनी या गाडीला ‘पर्पल हार्टचा डबा’ असे कडू नाव ठेवले होते. आत जागा नसल्याने वळकट्या, पिशव्या, ताडपत्र्या बाहेर टांगलेल्या असत. प्रतिकृतीतही त्या टांगाव्या लागतात. त्यांच्याकडे पाहिले की गाडीपेक्षा माणसेच आधी आठवतात.

जाड कडेची प्रतिकृती दिसायला भक्कम दिसते. परंतु त्या तेरा जणांच्या वाट्याला तो भक्कमपणा कधी आलाच नव्हता. कानस चालवणारा हात तेवढे खोटे बोलायचे नाकारतो.