सुटे भाग आणि तयार यंत्र : पनवेल परिसरातील घरगुती संगणकाची घडण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याविषयीचा खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीच्या चाकांच्या निर्मितीची नोंद झाली. ही चाके घाट चढून देशावर जात आणि तिथल्या गाड्यांना बसत. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाल्यापासून पनवेल बंदर आणि पुणे यांच्यातील मालवाहतूक वाढत गेली होती, आणि गाडीचा सर्वांत जास्त झिजणारा भाग पुरवण्याचा धंदा खाडीकाठच्या या गावाने त्या वाहतुकीच्या बळावर उभा केला. सुमारे शंभर वर्षांनी, संगणक घरात येऊ लागला तेव्हा, हेच गाव सुट्या भागांच्या दुसऱ्या एका व्यापारात ग्राहकाच्या बाजूला उभे राहिले: भाग येत होते तैवान, कोरिया, मलेशिया आणि पुढे चीनमधून, बाजार होता मुंबईत, आणि ते भाग जुळवून चालते यंत्र करून देणारा माणूस मात्र ओळखीचा, बहुधा जवळच्याच वस्तीतला होता.

असे जुळवून घेतलेले यंत्र बोलीत ‘असेंबल्ड’ म्हणून ओळखले गेले आणि कंपनीच्या नावाचे, सीलबंद खोक्यातून येणारे यंत्र ‘ब्रँडेड’. या दोहोंमधील निवडीचा इतिहास सहसा किमतीच्या फरकावर थांबवला जातो. किंमत महत्त्वाची होतीच. परंतु यंत्र बंद पडले तर त्याची जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न तिच्याइतकाच जुना आहे, आणि करांचे दर, लोकलचा मार्ग, विजेची अवस्था व पावसाळा यांनुसार त्याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेले आहे.

भारतात प्रारंभी ही निवड उपलब्धच नव्हती. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील हिस्सा कमी करण्यास तयार नसलेल्या आयबीएम कंपनीने १९७८ साली येथील कामकाज थांबवले, आणि त्या पोकळीत १९७६ साली स्थापन झालेली एचसीएल, तसेच विप्रो आणि मुंबईची झेनिथ अशा देशी कंपन्या वाढल्या. नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झालेल्या संगणक धोरणाने आयात आणि परवान्यांवरील बंधने सैल केली, तरी त्या काळातला वैयक्तिक संगणक बँकेत, कारखान्यात, फार तर सनदी लेखापालाच्या कार्यालयात दिसे. पगारदार कुटुंबाने घरासाठी तो घेणे विरळाच होते. रसायनी, तळोजा, न्हावा-शेवा या पट्ट्यातील कारखाने आणि बंदर यांच्यामुळे पनवेल परिसरातील अनेकांचा संगणकाशी पहिला परिचय कामाच्या जागी झाला असणार, आणि तेथे तो कंपनीच्या शिक्क्यासह व वार्षिक देखभाल करारासह, म्हणजे ठरावीक रकमेच्या बदल्यात वर्षभर दुरुस्तीची हमी देणाऱ्या करारासह, येत असे.

असेंबल्ड यंत्र शक्य झाले ते एका तांत्रिक उघडेपणामुळे. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आणलेला ‘पीसी’ बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनवलेला होता आणि त्याची रचना प्रसिद्ध करण्यात आली होती. कंपनीच्या मालकीची खरी गोष्ट होती ती ‘बायोस’, म्हणजे यंत्र सुरू होताच सर्व भागांची तपासणी करून त्यांना कामाला लावणारा, चिपमध्ये कायमचा बसवलेला छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅकने १९८२ साली त्याला कायदेशीर पर्याय तयार केला, आणि फिनिक्स या कंपनीने १९८४ पासून असाच पर्याय कोणालाही विकत देण्यास सुरुवात केली, तेव्हा कोणत्याही कारखान्याचा मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, आयबीएमसारखे वागू लागला. इंटेलने १९९५ साली मांडलेल्या ‘एटीएक्स’ मानकाने पाटीचा आकार, स्क्रूची छिद्रे आणि वीजपुरवठ्याचा जोड ठरवून दिला. त्यानंतर एका देशातला मदरबोर्ड दुसऱ्या देशात बनलेल्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये कानस न लावता बसू लागला.

या उघडेपणाचा मराठीला झालेला लाभ सहसा सांगितला जात नाही. रोमन लिपीपलीकडे न पाहणाऱ्या डॉस प्रणालीच्या काळात देवनागरी पडद्यावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्र आयआयटी कानपूर येथे सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. त्याचे प्रत्यक्ष रूप म्हणजे मदरबोर्डवरील मोकळ्या खाचेत बसवायचे एक कार्ड होते. यंत्राचे झाकण उघडून त्यात परका भाग बसवता येतो हे गृहीत नसते, तर त्या वर्षांत संगणकावर मराठी पत्र लिहिणेही लांबणीवर पडले असते.

सुट्या भागांचा बाजार म्हणजे मुंबईतील लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांसाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा हा रस्ता आधीपासून प्रसिद्ध होता, आणि १९९१ नंतर आयात सुलभ होत गेली तसे संगणकाचे भागही त्याच दुकानांच्या फळ्यांवर आले. पनवेलच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९९८ हे आहे. बोरघाटातून पुण्याला जाणारा लोहमार्ग १८६३ साली कर्जतमार्गे पूर्ण झाला तेव्हा पनवेल बाजूला पडले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवा-पनवेल मार्गाने रेल्वे आली, तरी मुंबईच्या रोजच्या लोकलशी गावाचा थेट सांधा १९९८ साली हार्बर मार्ग पोहोचल्यावरच जुळला. त्यानंतर कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरणे, दुपारपर्यंत खरेदी आटोपणे आणि संध्याकाळी सामान घेऊन परतणे हे एका दिवसाचे काम झाले. सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे या वसाहती त्याच सुमारास भरत होत्या, आणि नव्या सदनिकेत टीव्ही, फ्रिजनंतर काय घ्यायचे याचे उत्तर संगणक असे होऊ लागले होते.

खरेदीची सुरुवात ‘कोटेशन’ने, म्हणजे भागांची नावे व दर लिहिलेल्या कागदाने होई. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी ड्राइव्ह, एसएमपीएससह कॅबिनेट (एसएमपीएस म्हणजे घरातील विजेचे भागांना हवे तसे रूपांतर करणारी पेटी), मॉनिटर, कीबोर्ड, माउस, स्पीकर अशा ओळी एकाखाली एक येत, आणि ग्राहक त्यांतील एखाद्या ओळीवर बोट ठेवून रॅम वाढवून मॉनिटर साधा घेई किंवा पेंटियमऐवजी सेलेरॉनवर समाधान मानी. हा कागद म्हणजे त्या पिढीच्या मध्यमवर्गाचे मोठे तांत्रिक शिक्षण होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ब्रँडेड यंत्राच्या जाहिरातीत एकच किंमत दिसे, येथे मात्र प्रत्येक भाग कशासाठी आहे आणि तो किती रुपयांचा आहे हे घरातील मुलासही वाचता येत असे.

जुळणी टेबलावर वर्तमानपत्र किंवा मदरबोर्डच्या खोक्यातला फोम अंथरून होई. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवून तो जोर न देता सोडायचा, बाजूची दांडी खाली दाबायची, वर पांढरा पेस्ट लावून पंखा बसवायचा. रॅमची पट्टी दोन्ही टोकांच्या पकडी आपोआप मिटेपर्यंत दाबायची. हार्डडिस्कच्या चपट्या केबलची लाल कड वीजजोडाच्या बाजूस येईल असे पाहायचे. आणि शेवटी कॅबिनेटच्या दर्शनी बटणांपासून येणाऱ्या बारीक तारा मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृती पाहून एकेक पिनेवर चढवायच्या. हे शेवटचे काम चुकले तर यंत्र सुरूच होत नसे आणि भाग सदोष असल्याचा संशय येई, म्हणून अनुभवी कारागीर सर्वांत जास्त वेळ त्यालाच देत.

या व्यवस्थेची काळी बाजूही तितकीच खरी आहे. १९९० च्या दशकात कमी वेगाच्या प्रोसेसरवरील छाप खरवडून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापण्याचे प्रकार जगभर झाले आणि भारतीय बाजार त्याला अपवाद नव्हता. म्हणूनच ‘बॉक्स पॅक’, म्हणजे कंपनीच्या मूळ खोक्यातील व तीन वर्षांच्या हमीचा, आणि ‘ट्रे’, म्हणजे खोक्याविना सुटा मिळणारा, हा भेद जाणकार ग्राहक आवर्जून विचारू लागला. कर चुकवून आलेल्या मालाचे, म्हणजे ‘ग्रे मार्केट’चे, दर पावतीच्या दरापेक्षा कमी असत आणि पावती नाही म्हणजे हमीही तोंडीच. विंडोजची परवानाधारक प्रत ब्रँडेड यंत्रासोबत येई. असेंबल्ड यंत्रात ती बहुधा नक्कल करून भरली जाई, आणि किमतीतील फरकाचा एक हिस्सा या बेकायदा सवलतीतून येत होता हे मान्य केल्याशिवाय दोहोंची तुलना प्रामाणिक होत नाही.

तरीही बाजाराने कौल दिला तो जुळवलेल्या यंत्राला. संगणक उत्पादकांच्या ‘मेट’ या संघटनेच्या पाहण्यांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील काही वर्षांत देशातील वैयक्तिक संगणकांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रे असेंबल्ड असल्याचे दिसत होते. याचे एक कारण करांत होते: मोठ्या कंपनीला तयार यंत्रावर उत्पादन शुल्क भरावे लागे, तर छोट्या जुळणाऱ्यास लघुउद्योगांच्या सवलतीचा आधार असे किंवा तो शुल्काच्या जाळ्यात येतच नसे. दुसरे कारण कोकणच्या हवेत होते, आणि पनवेलच्या संदर्भात ते अधिक बोलके आहे. खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे रॅमच्या पट्टीवरील सोनेरी टोके काळवंडतात, यंत्र सुरू केल्यावर पडदा कोरा राहतो आणि आतून लांब ‘बीप’ येत राहते. यावरचा इलाज सर्व कारागिरांना ठाऊक होता: पट्टी काढायची, टोके साध्या खोडरबराने घासायची, कोरड्या ब्रशने खाच साफ करायची आणि पट्टी पुन्हा बसवायची. एवढ्यासाठी ब्रँडेड यंत्राच्या मालकाने सेवा केंद्रात तक्रार नोंदवून अभियंत्याची वाट पाहायची, कारण झाकणावरील सील स्वतः तोडले तर हमी संपे; असेंबल्ड यंत्राच्या मालकाने मात्र संध्याकाळी फोन केला तर रात्री जेवणाआधी यंत्र चालू झालेले असण्याची शक्यता होती. विजेच्या बाबतीतही तेच. भारनियमनाच्या वर्षांत यूपीएसशिवाय संगणक चालवणे धोक्याचे होते, आणि विजेच्या झटक्याने एसएमपीएस जळाला तर एटीएक्स मानकाचा नवा लगेच बसत असे. काही कंपन्यांच्या यंत्रांत मात्र त्यांच्याच आकाराचा वीजपुरवठा लागत असल्याने तो मागवावा लागे.

शासनाच्या साहाय्याने २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने या मागणीला नवा वर्ग मिळवून दिला. गावोगावच्या केंद्रांत शिकणाऱ्या विद्यार्थी व शासकीय कर्मचाऱ्यांना सरावासाठी घरी यंत्र हवे झाले, आणि अशा कुटुंबाचा पहिला संगणक बहुधा शिक्षकाने किंवा केंद्रातील सहायकाने सुचवलेल्या माणसाकडून आला. तांत्रिक सल्ला आणि विक्री एकाच माणसाकडे असण्यात हितसंबंधाचा प्रश्न होता, तथापि त्या माणसाला त्याच वस्तीत राहायचे असल्याने फसवणुकीला लोकलाजेची मर्यादाही होती.

चित्र पालटू लागले ते करांपासून. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ साली सहभागी झाला आणि संगणक व त्याच्या भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आले. जुलै २००४ च्या अर्थसंकल्पाने संगणकावरील उत्पादन शुल्कही काढले, जे २००६ मध्ये १२ टक्क्यांनी परत आले. एचसीएलने २००५ साली ९,९९० रुपयांचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा कंपनीचे नाव आणि कमी किंमत एकत्र येऊ शकत नाही ही समजूत मागे पडली. यानंतर हप्त्यांवरील विक्री, शोरूम आणि लॅपटॉप आले. लॅपटॉप सुट्या भागांतून घरी जुळवता येत नाही, म्हणून त्याच्या प्रसाराबरोबर निवडीचा प्रश्न अनेक घरांत आपोआप संपला. थायलंडमधील २०११ च्या पुराने हार्डडिस्कचे कारखाने बुडाले तेव्हा सुट्या डिस्कचे दर झपाट्याने वाढले, आणि दीर्घ मुदतीच्या करारांवर माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे किरकोळ बाजार किती उघडा आहे हेही दिसून आले. जुलै २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा कराने संगणक आणि त्याचे बहुतेक भाग १८ टक्क्यांच्या दरात आणले, त्यामुळे पावतीविना मिळणारी स्वस्ताईही आकसली.

आज जुळवलेले यंत्र घेणारा ग्राहक वेगळा आहे: वास्तुरचनाकार, चित्रफितींचे संकलक, शेअर बाजारासाठी अनेक पडदे जोडणारे, आणि ग्राफिक्स कार्डाच्या निवडीवर आठवडे घालवणारे खेळाडू. हा ग्राहक ब्रँडेड यंत्रापेक्षा अधिक खर्च करूनही सुटे भागच निवडतो, म्हणजे स्वस्ताईसाठी सुरू झालेली प्रथा आता दर्जाच्या आग्रहाने टिकली आहे. दुसरीकडे अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम पाटीवरच डाग देऊन पक्की केलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही, त्यामुळे विकत घेताना झालेला निर्णय यंत्राच्या अखेरपर्यंत कायम राहतो. जुन्या लॅपटॉपमधील हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क घालणे, हे काम मात्र पूर्वी मदरबोर्डच्या पिनांवर तारा चढवणाऱ्या कारागिरांच्या हाती आले आहे, आणि त्यांच्या टेबलावर येणारी बहुतेक यंत्रे आता हमी संपलेली ब्रँडेड यंत्रे असतात.