पालक म्हणून सही कुणाची?

मनमाड जंक्शन नांदगाव तालुक्यात येतं. तिथे गाडीतून एकटं उतरलेलं मूल पोलिसांना सापडलं, की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. तशी तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यातच आहे. पण ते मूल दुसऱ्या देशातून जीव वाचवून आलेलं असेल तर? पालक म्हणून सही कोण करणार? या प्रश्नाचा माग 1942 सालापर्यंत मागे जातो.

सोव्हिएत संघाने 1940-41 मध्ये पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. तिथे आईबाप गमावलेली मुलं अश्काबाद, मशहद, क्वेट्टा अशा वाटेने मुंबईत पोचली. वांद्र्याला काही दिवस राहून ती जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. तिथले राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी छावणी उभारली होती. मुलं त्यांना 'बापू' म्हणत.

छप्पर मिळालं, पण खरा पेच 1945 नंतर पडला. वॉर्सातल्या नव्या कम्युनिस्ट सरकारला मुलं परत हवी होती. ज्या राजवटीने त्यांना अनाथ केलं, तिच्याच छायेतलं हे सरकार. म्हणून जामसाहेब, छावणीतले पोलिश धर्मगुरू फादर प्लुटा आणि एक ब्रिटिश अधिकारी या तिघांनी मिळून ती मुलं कायद्याने दत्तक घेतली. त्या कागदाने त्यांची सक्तीची पाठवणी टळली. मला या सगळ्या कहाणीत हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो. 1946 मध्ये बालाचडी बंद झाली आणि उरलेली मुलं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली. 1943 पासून तिथे सुमारे 5,000 पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका-मुलंच. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. 1948 मध्ये छावणी उठली, पुढे तिथे सिंधी निर्वासित वसले. आजचं गांधीनगर ते हेच.

1951 चा निर्वासित करार झाला, पण भारताने त्यावर सही केलेली नाही. 1992 मध्ये बालहक्क करार मात्र स्वीकारला. त्याच्या 22 व्या कलमात, आईवडिलांसोबत असो वा एकटं, निर्वासित मुलाला संरक्षण द्यावं असं लिहिलं आहे. देशात आश्रयाचा स्वतंत्र कायदा अजून नाही. अशा मुलाची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय करू शकतं, पण मनमाडहून दिल्ली लांब पडते.

समितीपुढे परदेशी मूल आलं, की त्याचं घर शोधायचं, दूतावासाला कळवायचं, असा सरळ रस्ता असतो. वाट चुकलेल्या मुलाला तो घरी पोचवतो, पण आपल्याच सरकारपासून पळालेल्या मुलाला तोच धोक्यात घालतो. म्हणून दूतावासाला पत्र जाण्याआधी त्याची भाषा जाणणारं माणूस शेजारी बसवावं, तू का आलास हे त्याच्या तोंडून ऐकावं, आणि त्याच्या वतीने बोलणारा एक पालक त्याच दिवशी नेमावा.