धोट्याचा धागा आणि मनमाडची परिषद

नामपूर हे बागलाणातील मोसम नदीच्या काठचे गाव. तेथून मालेगावास जावे तो मागांचा खडखडाट कानी पडतो. पुढे मनमाडास पोहोचावे तो आगगाड्यांचा. या दोन्ही आवाजांबरोबर नवे युग आपल्या प्रांतात आले, आणि त्या युगात जातिभेद आपोआप लयास जाईल अशी सुशिक्षितांची एके काळी समजूत होती. यंत्रास जात नसते. सबब यंत्रावर राबणाऱ्या हातांची जातही कोणी विचारणार नाही, असा तो तर्क. तर्क सुबक होता. परंतु इतिहासाने तो खरा केला नाही. माग आणि आगगाडी यांच्याच आधारे ही गोष्ट वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम माग घेऊ. धोट्यातील कांडी संपली म्हणजे विणकऱ्याने नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावयाचे असते. मुंबईच्या गिरण्यांत हे टोक तोंडाने ओढून घेण्याची वहिवाट होती. अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा आम्ही तोंडी लावणार नाही, असे स्पृश्य कामगार म्हणत; आणि एवढ्याशा कारणावरून अस्पृश्यांस विणकाम खात्याची दारे बंद झाली. त्या खात्यात मजुरी अधिक, म्हणून बंदीही अधिक जाचक. असा नियम कोठे लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो कोणाकडे रद्द करून मागावा, हाही प्रश्नच होता.

१९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला संप झाला, तेव्हा डॉ. भीमराव आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य केला नाही, तर संपात पडू नका असे आम्ही त्यांस सांगू, असे त्यांनी बजाविले. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने स्वीकारली. ती मालकांपुढे गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याचे धनी आम्ही नव्हे, असे उत्तर आले. हा प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केला आहे. मालकाने सोबत्याकडे बोट दाखवावे, सोबत्याने रूढीकडे दाखवावे, आणि या दोन बोटांमध्ये एका माणसाची भाकरी हिरावली जावी, असा हा प्रकार होता.

आता आगगाडी. १९३८ च्या फेब्रुवारीत, १२ व १३ तारखांस, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाड येथे भरली. अध्यक्षस्थानी आंबेडकर होते. रेल्वेतील अस्पृश्य मुख्यतः रुळांवरील गँगमन म्हणून जन्म काढीत; त्यांतून मुकादमीस चढणारा विरळा. हमालाची जागाही त्यांस सहसा मिळत नसे, कारण हमालास स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, आणि अस्पृश्यास घरात कोण घेणार? ही स्थिती आंबेडकरांनी त्या सभेत उघडपणे मांडली. या देशातील कामगारांस ब्राह्मणशाही व भांडवलशाही असे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी सांगितले. आणि ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुभाव यांचा नकार होय, व तो सर्वच वर्गांत वसतो, असा खुलासाही केला. वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता, या आक्षेपाचा समाचार त्यांनी तेथेच घेतला. आमच्या मते त्यातील मर्म हे की, फूट तक्रार करणारा पाडीत नसतो. ती आधीच पडलेली असते, आणि तो तिचे केवळ नाव घेतो.

पूर्वीचा मार्ग अर्जाचा होता. १९१० साली शिवराम जानबा कांबळे प्रभृतींनी सरकारी नोकऱ्यांत व सैन्यात प्रवेश मिळावा म्हणून थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला होता. तो अर्ज तुच्छ लेखण्याजोगा मुळीच नव्हे. कारण अन्याय कागदावर आणणे ही आत्मरक्षणाची पहिली पायरी होय. दुसरी पायरी संघटनेची; ती मनमाडास दिसली. तिसरी कायद्याची. १९५० च्या राज्यघटनेने सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि सोळाव्याने सरकारी नोकरीत जात, धर्म, लिंग इत्यादींवरून भेद करण्यास मनाई केली. अस्पृश्यतेच्या सबबीवर कोणास धंदा-व्यवसायापासून रोखणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. १९५८ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने नोकरीतील भेदभावाविरुद्ध केलेला करारही भारताने १९६० मध्ये मान्य केला.

तथापि कायदा लिहिलेल्या नियमास जितका सहज पकडतो, तितका न लिहिलेल्या वहिवाटीस पकडीत नाही. आजच्या कचेरीत धोटा नसेल; पण पाण्याचा पेला असतो, बढतीची यादी असते, आणि 'तुमच्याने हे काम व्हावयाचे नाही' हे गोड शब्दांतले उत्तरही असते. अशा वेळी ज्यास डावलले त्याने नकार लेखी मागावा, तारीखवार टिपून ठेवावा, आणि एकट्याने सोसू नये. आणि ज्यास डावलले नाही, त्याने आपण नकळत धोटा अडवून तर धरला नाही ना, हे स्वतःस विचारावे. पहिले काम अवघड आहे खरे. परंतु दुसरे आमच्यासारख्यांस त्याहूनही अवघड वाटते, असे आम्हांस कबूल केले पाहिजे.