सात अब्ज वर्षांचा वाटसरू

मंडळी, वीज चमकली की गडगडाट येईपर्यंत तुम्ही आकडे मोजता आणि ती किती लांब पडली ते सांगता. पण जिचा आवाजच येत नाही, अशा चमकेचं अंतर कसं सांगाल?

चोरट्या अणुचाचण्यांवर पहारा ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना १९६७ साली अवकाशातून आलेला गॅमा किरणांचा झोत सापडला. हे झोत आपल्याच आकाशगंगेतले की फार पलीकडचे, यावर शास्त्रज्ञांत पुढे मोठा वाद झाला.

८ मे १९९७ रोजी ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने असाच एक स्फोट टिपला. त्याच्या मागे उरलेला उजेड हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने इंद्रधनुष्यासारखा फाकून पाहिला. त्यात लोह व मॅग्नेशियम यांच्या काळ्या रेघा होत्या. या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात; इथे मात्र त्या तांबड्या बाजूला सरकलेल्या! विश्व पसरते, तशी वाटेतल्या प्रकाशाची लहर ताणली जाते. ही लहर १.८३५ पट ताणली होती.

रेघा उमटवणारा वायू स्फोटाच्या अलीकडे किंवा स्फोटाजवळच असणार. म्हणजे उजेडाने निदान सुमारे ७ अब्ज वर्षे वाट चालली होती. तो निघाला, तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीसुद्धा नव्हती!