दाराबाहेरची सोळा वर्षे : टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ आणि बिग ट्वेल्व्ह

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाविश्वाचा विचार करताना मराठी वाचकाला आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांची कल्पना बाजूला ठेवावी लागते. भारतात एखादे विद्यापीठ कोणत्या विभागातून खेळणार हे त्याच्या भौगोलिक स्थानावरून ठरते आणि त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक विद्यापीठे एखाद्या स्वायत्त क्रीडासंघटनेची सभासद असतात; तिला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, आणि तिचे सभासदत्व निमंत्रणावाचून मिळत नाही. कॉन्फरन्स सभासदांच्या सामन्यांचे वेळापत्रक आखते, विजेता ठरवते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण-हक्कांचा एकत्रित सौदा करून मिळालेली रक्कम सभासदांत वाटून देते. मोठ्या कॉन्फरन्सचे दार ठोठावणाऱ्या लहान विद्यापीठांची संख्या कमी नाही. तथापि फोर्ट वर्थ शहरातील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ, म्हणजेच ‘टीसीयू’, याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे, कारण हे विद्यापीठ आधी घरातलेच होते, नंतर बाहेर पडले, आणि सोळा वर्षांनी पुन्हा आत आले.

अ‍ॅडिसन आणि रँडॉल्फ क्लार्क या बंधूंनी १८७३ मध्ये थॉर्प स्प्रिंग या गावी ही संस्था काढली. डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या प्रोटेस्टंट पंथाशी तिचे नाते होते आणि मुलामुलींना एकत्र शिक्षण देण्याचे तिचे धोरण आरंभापासूनचे होते. १८९५ मध्ये ती वेको शहरात गेली, परंतु १९१० मध्ये तेथील मुख्य इमारत आगीत भस्मसात झाल्यावर फोर्ट वर्थच्या नागरिकांनी जागा आणि रोख मदत देऊ केल्यामुळे तिने कायमचा मुक्काम तेथे हलवला. वेकोतच बेलर हे बॅप्टिस्ट पंथाचे विद्यापीठ होते. या दोन शेजाऱ्यांची नशिबे पुढे कशी वेगळी झाली ते यथावकाश येईलच.

१९१४ मध्ये स्थापन झालेल्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये टीसीयूला १९२३ मध्ये प्रवेश मिळाला. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात चेंडू हातात घेऊन धावणे आणि दूर फेकणे यावर खेळाचा भर असतो. प्रशिक्षक डच मायर यांच्या कारकिर्दीत १९३५ आणि १९३८ या वर्षी टीसीयूला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मान मिळाला, आणि १९३८ मध्ये डेव्ही ओब्रायन या खेळाडूला सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूसाठीची हाइझमन ट्रॉफी लाभली. पुढील काळात मात्र संघाची घसरण झाली. १९५७ च्या नववर्षदिनी कॉटन बोलमध्ये सिरॅक्यूजवर मिळवलेल्या विजयानंतर चार दशके त्याला एकही ‘बोल’ सामना जिंकता आला नाही. हंगाम संपल्यावर निवडक संघांना निमंत्रण देऊन खेळवल्या जाणाऱ्या प्रतिष्ठेच्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात.

या काळात खेळाचे अर्थकारण पालटत होते. महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था एनसीएए हिने फुटबॉलचे किती सामने दूरचित्रवाणीवर दाखवायचे यावर तीस वर्षांहून अधिक काळ कडक मर्यादा घातली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूने निकाल देऊन हे नियंत्रण स्पर्धाविरोधी ठरवले. त्यानंतर ज्या कॉन्फरन्सचे प्रेक्षक अनेक राज्यांत पसरलेले होते तिचा भाव वधारला. साउथवेस्ट कॉन्फरन्सची अडचण नेमकी येथेच होती. तिचे सभासद आर्कान्सॉचा अपवाद वगळता सारे टेक्सासमधले, आणि १९९० मध्ये आर्कान्सॉनेही साउथईस्टर्न कॉन्फरन्सची वाट धरली. त्यातच खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याच्या प्रकरणांनी तिची अब्रू गेली होती. १९८७ मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉलचा संपूर्ण हंगामच एनसीएएने रद्द केला. टीसीयूने १९८५ मध्ये आपल्या दोषी खेळाडूंना स्वतःहून संघाबाहेर काढले होते, तरी त्यालाही पुढच्या वर्षी जबर शिक्षा झाली.

फेब्रुवारी १९९४ मध्ये टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर या चार विद्यापीठांनी बिग एट या शेजारच्या कॉन्फरन्सशी हातमिळवणी केली आणि ‘बिग ट्वेल्व्ह’चा जन्म झाला. टीसीयू, सदर्न मेथडिस्ट, राइस आणि ह्यूस्टन मागे राहिले. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची निवड स्वाभाविक होती, परंतु बेलर आत आणि टीसीयू बाहेर, हे केवळ खेळाच्या हिशोबाने उलगडत नाही. त्या वेळी राज्याच्या गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स या बेलरच्या माजी विद्यार्थिनी होत्या, आणि विधिमंडळावर घट्ट पकड असलेले लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक यांनी टेक्सास टेक व बेलर या दोन्ही ठिकाणी शिक्षण घेतले होते; सरकारी अनुदानावर चालणाऱ्या टेक्सास आणि ए अँड एम यांच्यावर त्यांनी दबाव आणला, असेच या घटनेचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. राजकारणाचा वाटा नेमका किती याविषयी मतभेद असू शकतात, पण टीसीयूच्या बाजूने बोलणारा त्या तोलाचा कोणी राज्यात नव्हता, हे नाकारता येत नाही.

पुढील काळ भटकंतीचा होता. १९९६ मध्ये टीसीयू सोळा सभासदांच्या वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये गेले, जिचा पसारा टेक्सासपासून थेट हवाईपर्यंत होता. हे अवाढव्य कडबोळे टिकणारे नव्हतेच, आणि दोनच वर्षांत आठ सभासदांनी वेगळे होऊन माउंटन वेस्ट कॉन्फरन्स काढण्याचे ठरवले, त्यात टीसीयूला घेतले नाही. १९९७ च्या हंगामात संघाने अकरापैकी केवळ एक सामना जिंकला होता, तेव्हा घेण्यासारखे त्यात काय होते हा प्रश्न गैर नव्हता. डेनिस फ्रँचिओन यांच्याकडे प्रशिक्षकपद आल्यावर मात्र चित्र बदलले: १९९८ च्या अखेरीस सन बोलमध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पराभव झाला, आणि लाडेनियन टॉमलिन्सन हा सलग दोन हंगामांत धावून सर्वाधिक यार्ड मिळवणारा देशातील अव्वल खेळाडू ठरला. डिसेंबर २००० मध्ये गॅरी पॅटरसन यांनी सूत्रे हाती घेतली. २००१ मध्ये विद्यापीठ कॉन्फरन्स यूएसएमध्ये आणि २००५ मध्ये, पूर्वी ज्यांनी वगळले होते त्या, माउंटन वेस्टमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी पहिल्याच सामन्यात त्याने बिग ट्वेल्व्हमधील बलाढ्य ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर हरवले.

तथापि मैदानावरील यशाला व्यवस्थेचे कुंपण होते. १९९८ पासून लागू झालेल्या ‘बोल चॅम्पियनशिप सिरीज’ या पद्धतीत सहा मोठ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना प्रमुख सामन्यांत हक्काची जागा होती. इतरांना मात्र कठीण अटी पुऱ्या कराव्या लागत. २०१० मध्ये टीसीयू अपराजित असताना ओहायो स्टेट विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष गॉर्डन गी यांनी, अशा संघांचे प्रतिस्पर्धी दुबळे असल्याने राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यावर त्यांचा अधिकार नाही, असे जाहीरपणे सुनावले. १ जानेवारी २०११ रोजी रोज बोलमध्ये टीसीयूने विस्कॉन्सिनला २१–१९ असे नमवले, आणि याच विस्कॉन्सिनने त्या हंगामात ओहायो स्टेटला हरवले होते; गी यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. तेरापैकी तेरा सामने जिंकूनही अंतिम क्रमवारीत टीसीयू दुसरेच राहिले.

एवढ्या यशानंतरही बिग ट्वेल्व्हचे निमंत्रण येईना, कारण डॅलस–फोर्ट वर्थ परिसरातील प्रेक्षक टेक्सास विद्यापीठामुळे त्या कॉन्फरन्सकडे आधीच होते आणि दहा हजारांहून कमी विद्यार्थ्यांचे खासगी विद्यापीठ घेऊन प्रक्षेपणाच्या बाजारात नवी भर पडत नव्हती. अखेर रोज बोलच्या आधीच, नोव्हेंबर २०१० मध्ये, टीसीयूने बिग ईस्टचे निमंत्रण स्वीकारले होते. अटलांटिक किनाऱ्यावर वाढलेल्या कॉन्फरन्समध्ये टेक्सासचे विद्यापीठ, ही जोडी विजोड होती, परंतु प्रमुख सामन्यांतील हक्काची जागा तिच्याकडे होती. प्रत्यक्ष प्रवेशापूर्वीच, सप्टेंबर २०११ मध्ये, सिरॅक्यूज आणि पिट्सबर्ग यांनी बिग ईस्ट सोडण्याचे जाहीर केले. इकडे नेब्रास्का व कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमधून गेलेच होते, आणि त्याच महिन्यात टेक्सास ए अँड एमचेही जाणे नक्की झाले. रिकाम्या जागेने जे साधले ते रोज बोलने साधले नव्हते: ऑक्टोबर २०११ मध्ये निमंत्रण आले, टीसीयूने बिग ईस्टला पन्नास लाख डॉलर भरून मोकळीक घेतली आणि १ जुलै २०१२ रोजी ते बिग ट्वेल्व्हचे सभासद झाले. पहिल्या वर्षी त्याला उत्पन्नाचा अर्धाच वाटा मिळणार होता, पूर्ण वाटा चौथ्या वर्षी.

अर्थात केवळ दैवाने हात दिला असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. याच सुमारास देणग्यांतून सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलर खर्चून १९३० चे एमन कार्टर स्टेडियम जवळजवळ नव्याने उभारले गेले. जागा रिकामी झाली तेव्हा तयार असलेले विद्यापीठ हाताशी होते, इतकेच श्रेय गुणवत्तेला देता येते. आत आल्यावरही दुजाभाव पुरता संपला नाही. २०१४ मध्ये टीसीयू राष्ट्रीय उपांत्य फेरीचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीच्या क्रमवारीत तिसरे होते, शेवटचा सामना ५५–३ असा जिंकूनही ते सहाव्या स्थानी घसरले आणि त्या फेरीला मुकले. २०२२ च्या हंगामात मात्र मिशिगनला ५१–४५ असे हरवून त्याने अंतिम सामना गाठला, जो जॉर्जियाने ६५–७ असा जिंकला.

१९९४ मध्ये मागे राहिलेल्या इतर तिघांपैकी ह्यूस्टनला बिग ट्वेल्व्हमध्ये प्रवेश २०२३ मध्ये मिळाला, तोही टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी निघून जाण्याचे ठरवल्यावर. सदर्न मेथडिस्टने २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स गाठली, आणि त्यासाठी प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील नऊ वर्षांच्या वाट्यावर पाणी सोडले. राइस विद्यापीठ, जे १९१४ च्या मूळ संस्थापकांपैकी एक होते, अद्याप बाहेरच आहे.